गुडघा बदलल्यानंतरचे तीन महिने : घरी व्यायाम कसा करायचा

ऑपरेशननंतर भेटायला येणारा प्रत्येक जण मोसंबीची पिशवी टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "मग, किती वाकतोय?" गुडघा सरळ किती होतोय हे कुणीच विचारत नाही. खरं दुखणं तिथेच राहून जातं. शंभर अंश वाकणारा, पण शेवटचे आठ-दहा अंश सरळ न होणारा गुडघा चालताना लंगडतो. तो पाय आखूड पडतो, उभं राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू सारखा ताणलेला राहतो आणि काही महिन्यांत कंबर कुरकुरायला लागते. वाकणं कित्येक महिने हळूहळू वाढत जातं. सरळपणा मात्र पहिल्या काही आठवड्यांत मिळवला नाही, तर नंतर तो आणायला फार झगडावं लागतं. म्हणून या लेखात सरळ करण्याला जास्त जागा दिली आहे.

आपल्याकडे "वाटी बदलली" म्हणतात, पण वाटी बहुतेक वेळा तुमचीच असते. कधी तिच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची चकती बसवतात, एवढंच. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मध्ये प्लास्टिकचा थर. हा सांधा पहिल्या दिवसापासून वजन पेलतो. ढिली पडलेली असते ती मांडी. गुडघ्यात सूज आली की पुढचा स्नायू आपोआप मंदावतो; तुम्ही आळशी नसता, स्नायूला मिळणारा हुकूमच अर्धवट पोचत असतो. त्यामुळे सुरुवातीचे व्यायाम अगदी पोरकट वाटले तरी सोडायचे नाहीत.

इथलं सगळं पहिल्यांदाच आणि पूर्ण बदललेल्या साध्या गुडघ्यासाठी आहे. तुमच्या फाइलमध्ये वेगळं काही लिहिलं असेल, म्हणजे पायावर वजन टाकू नका, हाडाला तार बांधली आहे, दुसऱ्यांदा केलेलं ऑपरेशन आहे, तर फाइलमधलंच पाळायचं.

आधी घर

पेशंट घरी येण्याआधी घरच्यांनी करायची कामं फार नाहीत, पण ती राहिली तर पहिल्याच रात्री पंचाईत होते. पलंग आणि खुर्ची साधारण १८ ते २० इंच उंच हवी, म्हणजे बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जात नाहीत. खुर्चीला दोन्ही हात हवेत. लाकडी, जड, जुनी खुर्ची सगळ्यात बरी. प्लास्टिकची खुर्ची उठताना मागे सरकते आणि सोफ्यात माणूस रुततो. देशी संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची आणा. मोरीत पाटावर बसून अंघोळ बंद. उंच स्टूल, खाली रबरी मॅट आणि तांब्या हाताशी.

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत माडीवर जाणारा जिना जवळजवळ शिडीसारखा उभा असतो. तसं घर असेल तर सहा आठवडे झोपण्याची सोय खालीच करा. सतरंज्या, पायपुसणी, मोबाइल चार्जरच्या वायरी उचला. जून ते सप्टेंबर आपल्याकडे अंगणातल्या फरशीवर शेवाळं धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या आणि वॉकरच्या पायांचे रबरी बूट झिजलेत का तेही बघा. झिजलेला बूट ओल्या शहाबादीवर साबणासारखा सरकतो.

वॉकरची उंची : सरळ उभं राहून हात मोकळे सोडले की मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. उंची जास्त झाली तर खांदे वर चढतात, कमी झाली तर माणूस वाकून चालायला लागतो आणि वाकून चालणारा गुडघाही वाकलेलाच ठेवतो.

पहिला आठवडा : पलंगावरचे व्यायाम

दवाखान्यातून मिळणाऱ्या कागदावर नावं इंग्रजी असतात, म्हणून तीच इथे देवनागरीत दिली आहेत.

अँकल पंप. पाय सरळ ठेवून पंजा स्वतःकडे ओढायचा, मग पुढे ढकलायचा. जागे असाल तेव्हा दर तासाला २० वेळा. पोटरीचा स्नायू पंपासारखा काम करतो आणि पायातलं रक्त वर ढकलतो. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून हे आहे. बोटं नुसती हलवून काही होत नाही, घोट्यातून पूर्ण हालचाल हवी.

स्टॅटिक क्वाड्स. सगळ्या व्यायामांचा राजा हाच. पाय सरळ, अंगठा छताकडे. गुडघ्याखाली दुमडलेला पातळ पंचा ठेवा आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूने तो पलंगात दाबा. ५ सेकंद दाबून धरा, सोडा. १० वेळा, दिवसातून चार-पाच वेळा. नीट होतंय का हे ओळखायला वाटीकडे बघा. स्नायू आवळला की ती मांडीच्या दिशेने अर्धा-एक सेंटिमीटर सरकते. वाटी हलत नसेल तर बहुतेक वेळा तुम्ही मांडीऐवजी कुल्ला आवळताय. मग हाताची दोन बोटं वाटीच्या वर, आतल्या बाजूच्या मांसावर ठेवा आणि "हे कडक करायचंय" असं मनाशी म्हणून पुन्हा दाबा. चांगल्या पायाने आधी करून बघितलं की लवकर उमगतं. दम धरायचा नाही. बीपी असलेल्यांनी मोठ्याने एक ते पाच मोजावं. मोजणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही.

हील स्लाइड. पाठीवर झोपून टाच पलंगावरून कमरेकडे सरकवायची, ५ सेकंद थांबायचं, सावकाश परत. १० वेळा, दिवसातून तीनदा. चादरीवर टाच अडकते, म्हणून मोजा घालून त्याखाली प्लास्टिकची पिशवी ठेवा. गुडघा बाहेरच्या बाजूला कलंडू द्यायचा नाही.

एसएलआर, म्हणजे पाय सरळ उचलणं. दुसरा गुडघा वाकवून पाय टेकवा. आधी मांडी आवळा, मग सरळ पाय साधारण एक फूट उचला, ५ सेकंद, सावकाश खाली. उचलताना टाच वर येण्याआधी गुडघा किंचित वाकत असेल, तर मांडी अजून तयार नाही. तसल्या दहा उचलण्यांपेक्षा चांगल्या तीन भल्या. तोवर शॉर्ट आर्क करा : गुडघ्याखाली जाड उशी किंवा मोठ्या डब्याला टॉवेल गुंडाळून ठेवा, मांडी तशीच टेकलेली ठेवून फक्त टाच उचला, गुडघा पूर्ण सरळ करा, ५ सेकंद धरा. झालं की उशी लगेच काढून टाका.

लगेच काढा, कारण गुडघ्याखालची उशी हा या तीन महिन्यांतला सगळ्यात प्रेमळ शत्रू आहे. पाय दुखतो, सून किंवा मुलगी मायेने उशी सरकवते, पेशंटला बरं वाटतं, झोप लागते. आठ तास गुडघा वीस अंशात राहतो. मागची कातडी, स्नायू आणि सांध्याचं आवरण त्याच मापात आखडायला लागतं. उशी द्यायचीच असेल तर टाच आणि पोटरीखाली द्या, गुडघ्याची खालची बाजू मोकळी राहील अशी.

गुडघा सरळ करणं

व्यायामाचं नाव हील प्रॉप. टॉवेलची चार-पाच इंच जाड गुंडाळी करा, किंवा दिवाणावरचा लोड घ्या, आणि त्यावर फक्त टाच ठेवा. गुडघा अधांतरी राहतो आणि पायाच्या वजनाने आपोआप खाली बसतो. बस्स, एवढंच. पहिल्या दिवशी ३ मिनिटं, मग ५, दोन आठवड्यांत १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन वेळा. गुडघ्यामागे ताण आला पाहिजे. टाच उचलावीशी वाटेल इतकी कळ आली तर वेळ कमी करा, व्यायाम सोडू नका.

इथे होणारी चूक दिसायला साधी असते. दोन मिनिटांत पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडतं. पाऊल कलंडलं की अख्खी मांडी बाहेर फिरते, गुडघा बाजूवर पडतो आणि वाकण्यासाठी मोकळा होतो. पेशंट पंधरा मिनिटं पडून राहतो, व्यायाम झाल्यासारखा वाटतो, पण गुडघ्याला ताण बसलेलाच नसतो. अंगठा आणि वाटी, दोन्हीची तोंडं छताकडे हवीत. पावलाच्या बाहेरच्या बाजूला एक उशी उभी करून ठेवा. वाटीवर किलोभर मिठाची पुडी ठेवण्याचा प्रकार काही जण स्वतःहून करतात. तो फिजिओथेरपिस्टने सांगितल्याशिवाय नको; जखमेवर दाब येतो आणि स्नायू उलट ताठरतो.

मोजायचं कसं? पाय सपाट पलंगावर सरळ ठेवून गुडघ्याच्या मागून आडवा हात सरकवा. सगळी बोटं सहज आरपार जात असतील तर अंतर आहे. आठवड्या-आठवड्याने हात अडकायला लागला पाहिजे. मांडी आवळल्यावर गुडघ्याने हात चेंगरला की शाबास. रोज सकाळी, व्यायामाआधी, एकाच पलंगावर, एकाच माणसाने हात घालून बघायचं. नाहीतर मापं जुळत नाहीत.

दिवसभरातल्या बारीक गोष्टीही यात येतात. टीव्ही बघताना पाय स्टुलावर ठेवायचा तर टाच टेकवून, गुडघा मोकळा. उभं राहताना सगळं वजन चांगल्या पायावर टाकून दुसरा गुडघा सैल सोडायची सवय ऑपरेशनच्या आधीपासून, वर्षानुवर्षांची असते. ओट्याशी, देवापुढे, दारात कुणाशी बोलताना, दोन्ही गुडघे मागे ढकलून सरळ उभे राहा.

वाकवणं

साधारण हिशेब असा : सपाट रस्त्यावर चालायला ६५ ते ७० अंश लागतात, जिना चढायला ८५ च्या आसपास, उतरायला ९० ते १००, आणि कमी उंचीच्या खुर्चीतून हात न टेकता उठायला १०५ च्या घरात. दवाखान्यातून घरी येताना बऱ्याच जणांचा गुडघा ८० ते ९० वाकतो. सहा आठवड्यांत ११० च्या दिशेने जायला हवा, बारा आठवड्यांत ११५ ते १२०. ऑपरेशनच्या आधी गुडघा किती वाकत होता यावरही बरंच अवलंबून असतं. वर्षानुवर्षं ८० वर अडकलेला गुडघा शेजारच्या काकूंच्या गुडघ्याएवढा वाकेलच असं नाही.

झोपून करायच्या हील स्लाइडपेक्षा खुर्चीतला प्रकार जास्त काम करतो. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. मागे रेलून बसा. ऑपरेशनच्या पायात मोजा, फरशी गुळगुळीत. पाऊल खुर्चीखाली जेवढं जाईल तेवढं मागे सरकवा. आता दुसऱ्या पायाचा घोटा पुढून अडकवून त्याला आणखी थोडं मागे रेटा. १० सेकंद. सैल सोडा. पाच वेळा. मग शेवटचा टप्पा : पाऊल जिथे आहे तिथे घट्ट रोवा आणि हातांनी खुर्चीचे हात धरून स्वतः दोन इंच पुढे सरका. पाऊल जागचं हलत नाही, शरीर पुढे येतं, गुडघा वाकतो. १५ सेकंद मोजून मागे. असं पाच वेळा, दिवसातून तीनदा.

फरशीवर अंगठा जिथे आला तिथे खडूने रेघ मारा आणि तारीख लिहा. खुर्चीच्या पुढच्या पायांच्या जागाही खडूने आखून ठेवा, नाहीतर रेघेला अर्थ नाही. रोज एक सेंटिमीटर सरकेल असं नाही. तीन दिवस रेघ एकाच जागी आणि चौथ्या दिवशी दोन सेंटिमीटर, हे नेहमीचं आहे. आठवडाभर हललीच नाही तर दाखवा. फसवणूक एकच होते, तीही नकळत : त्या बाजूचा कुल्ला खुर्चीवरून उचलला जातो. मागे उभ्या असलेल्या माणसाने दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का बघावं.

दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर व्यायामाच्या ३० ते ४५ मिनिटं आधी घ्या. गोळी न घेता दात-ओठ खाऊन व्यायाम करण्यात काही मर्दुमकी नाही. दुखणारा माणूस स्नायू आवळून ठेवतो, आवळलेला गुडघा वाकत नाही.

सूज आणि बर्फ

व्यायामानंतर बर्फ. आपल्याकडे याला विरोध होतो. "थंडी बसेल, शेक द्या" असं घरातलं एक तरी वडीलधारं माणूस म्हणतंच. पहिल्या आठवड्यांत गरम शेकाने रक्तपुरवठा वाढतो आणि सूजही वाढते. बर्फ पिशवीत घालून, ओल्या पंच्यात गुंडाळून, १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कातडीवर थेट बर्फ नको, पट्टी भिजता कामा नये. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असेल तर दर पाच मिनिटांनी कातडी बघा. बर्फ लावताना पाय छातीपेक्षा उंच, आधार पोटरी आणि टाचेखाली.

व्यायाम जास्त होतोय की कमी, हे सूजच सांगते. शिंप्याची टेप घ्या, वाटीच्या बरोबर मधून गुडघ्याचा घेर रोज सकाळी मोजा आणि वहीत लिहा. कालच्यापेक्षा एक सेंटिमीटरहून जास्त वाढला, किंवा व्यायामानंतरची कळ दोन तासांतही उतरली नाही, तर कालचा डोस जास्त झाला. आज निम्मं करा, पण शून्य नको. कोल्हापूरच्या माणसाला "जोर काढ" म्हटलेलं आवडतं. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून शंभर उठाबशा काढायचा बेत होतो आणि सहाव्या-सातव्या दिवशी गुडघा भोपळ्यासारखा होतो.

सूज, हाताला लागणारा गरमपणा, रात्रीची मोडलेली झोप हे सगळं काही आठवडे राहतं. गरमपणा आणि थोडी सूज तर तीन ते सहा महिनेही टिकू शकते. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर लागते, कारण कातडीला जाणारी बारीक नस चिरेच्या वाटेत येते. चालताना आतून टकटक आवाज येतो, तो धातू आणि प्लास्टिकचा. घाबरू नका.

घाबरायचं कशाला, तेही इथेच सांगून टाकतो. पोटरीत नव्याने दुखणं, पोटरी कडक होणं, पाय अचानक खूप सुजणं : त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं : दवाखान्यात तडक, वाट बघायची नाही. जखमेतून पाणी किंवा पू, टाक्यांभोवती वाढत जाणारा लालपणा, थंडी वाजून ताप : अँटिबायोटिक मनाने सुरू न करता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच फोन. पडल्यानंतर किंवा 'कट्' आवाजानंतर पाय सरळ उचलताच येईनासा झाला, तर वाटीच्या वरचा किंवा खालचा पट्टा तुटलेला असू शकतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सांगितल्या तितके दिवस पूर्ण घ्यायच्या.

मालिशवाल्याला नमस्कार सांगा

तालमींचं गाव आहे. मुरगळलेला पाय वस्तादांकडे नेऊन चोळून घेणं इथे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आणि मुरगळीला त्याचा गुण येतही असेल. बदललेल्या गुडघ्याचा पाय मात्र पहिले तीन महिने कुणाच्या हातात द्यायचा नाही. पोटरीतल्या शिरेत गाठ असेल तर जोरकस चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हा जिवावरचा धोका आहे. जखमेवर तेल म्हणजे जंतूंना आमंत्रण. आणि "एका झटक्यात वाकवून देतो" म्हणणारा माणूस वाटीचा पट्टा तोडू शकतो किंवा मांडीचं हाड मोडू शकतो. गुडघा ६ ते १२ आठवड्यांतही ९० पर्यंत येत नसेल तर सर्जन कधी कधी भूल देऊन तो वाकवतात. ते काम भुलीखाली, ठरलेल्या पद्धतीनेच होतं.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. खपल्या पडून जखम पूर्ण कोरडी झाली की स्वतःच्या बोटांनी, खोबरेल तेल घेऊन व्रण हलकेच गोल गोल चोळा, दिवसातून दोनदा पाच मिनिटं. कातडी खालच्या थराला चिकटून बसली की वाकताना ओढ बसते, म्हणून हे करायचं.

चालणं आणि जिना

क्रम पाठ करा : वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. वॉकर एका पावलापेक्षा जास्त पुढे टाकला की शरीर पुढे पडतं. टाच आधी टेकवा, मग पंजा. पाय कडक काठीसारखा धरून अर्धवर्तुळ काढत चालायची सवय लागते; ती पहिल्या आठवड्यातच मोडा. टाच टेकताना गुडघा सरळ, पाऊल उचलताना गुडघा मोकळा वाकलेला. पहिल्या दिवसांत दर दोन तासांनी ५ मिनिटं चाला, एकदम अर्धा तास नको.

वॉकर सहसा दोन-तीन आठवडे, मग काठी. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची. हे सांगितलं तरी बरेच लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात, कारण तसं स्वाभाविक वाटतं. विरुद्ध हातातली काठी दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडते आणि वजन वाटून घेते. लंगडत असाल तोवर काठी सोडू नका. लाजेपोटी काठी टाकली की लंगडणं कायमचं चिकटतं.

जिना : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, काठी नेहमी ऑपरेशनच्या पायासोबत, दुसरा हात कठड्यावर. दोन्ही गुडघे एकदम बदलले असतील तर दोघांतला जास्त जोरातला पाय 'चांगला' समजायचा.

चपलेचं बोलायलाच हवं. कोल्हापुरी पायात असणं हा इथला मान आहे, पण तिला मागे पट्टा नाही. ती पायात टिकवायला बोटं आवळावी लागतात, पाऊल घासत पडतं आणि कातड्याचा तळ ओल्या फरशीवर सटकतो. तीन महिने मागून बंद, रबरी तळाचा बूट किंवा पट्ट्याची सँडल.

रिक्षात बसताना पाठ रिक्षाकडे करून आधी सीटवर बसा, मग मागे सरकत पाय आत घ्या. मोटारीत पुढची सीट पूर्ण मागे घ्या आणि सीटवर प्लास्टिकची पिशवी टाका, म्हणजे वळताना अंग सहज फिरतं. केएमटी बसची पायरी उंच असते, सहा आठवडे नको. दुचाकीवर मागे बसण्याआधी डॉक्टरांना विचारा. स्वतः गाडी चालवणं साधारण सहा आठवड्यांनंतर, तेही अचानक ब्रेक जोरात दाबता येतो हे उभ्या गाडीत बसून तपासल्यावर.

दोन आठवड्यांनंतर : ताकद

इथून पुढे पलंगावरून उठून ओट्याशी यायचं. ओटा धरून टाचा उचलणं, १५ वेळा. पाय बाजूला नेणं, १० वेळा. धड कलू द्यायचं नाही. थोडं गुडघे वाकवून पुन्हा उभं राहणं, साधारण ३० ते ४५ अंशच, १० वेळा. खुर्चीत बसून गुडघा पूर्ण सरळ करून ५ सेकंद धरणं, १० वेळा. सगळं दिवसातून दोनदा.

चौथ्या आठवड्यापासून खुर्चीतून उठणं-बसणं. आधी खुर्चीवर दोन उशा टाकून उंची वाढवा, जमलं की एक काढा, मग दुसरी. ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या. बघणाऱ्याने तोंडाकडे बघू नये, पावलांकडे बघावं. जवळजवळ प्रत्येक जण ऑपरेशनचं पाऊल वीतभर पुढे ठेवतो आणि सगळा भार चांगल्या पायावर घेऊन उठतो. उठणं झकास जमतं, फक्त जो पाय बळकट करायचा तो फुकट बसून राहतो. दोन्ही टाचा एका रेषेत ठेवायच्या. फरशीच्या सांध्याची रेघ त्याला आयतीच मिळते.

पायरी चढण्याचा व्यायाम : उंबऱ्यावर पाय देऊ नये म्हणतात, तेव्हा दारापुढची सगळ्यात खालची, चार-सहा इंचांची पायरी घ्या. कठडा धरा. ऑपरेशनचा पाय पायरीवर, त्याच्या जोरावर वर, सावकाश खाली. मागचा पाय जमिनीवरून उसळी घेत असेल तर व्यायाम त्या पायाचा होतोय. पाट किंवा चौरंग वापरू नका, सरकतो. पायाला वजन बांधायचं ते चार-सहा आठवड्यांनी, अर्ध्या किलोपासून. एसएलआर गुडघा न वाकता १५ वेळा होत असेल तरच.

जागेवरची सायकल असेल तर सीट उंच ठेवून आधी पॅडल पुढे-मागे झुलवा. गुडघा १०५-११० वाकायला लागला की पूर्ण चक्र बसतं. जबरदस्तीने फिरवायला गेलात तर कुल्ला उचलला जातो, म्हणजे तीच जुनी चोरी.

सहा आठवड्यांनी, काठीशिवाय न लंगडता घरात फिरता येत असेल, तर रंकाळा तलावावर जा. सकाळी, ऊन चढायच्या आत, सपाट पदपथावर १० मिनिटं, आणि जिथे बसायला कट्टा आहे तिथवरच. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. आत जितकं चालाल तितकंच परत यायचं असतं, हे विसरून लोक लांब जातात. पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या, जोतिबाचा डोंगर, गर्दीच्या दिवशी अंबाबाईच्या देवळातली ओली फरशी, हे तीन महिन्यांनंतर आणि कुणाचा तरी हात धरून.

खाण्याबद्दल थोडं

नवा सांधा धातूचा आहे, त्याला पायाचा सूप पोचत नाही. मांडी मात्र मांसाची आहे आणि तिला प्रोटीन लागतं : वजनाच्या दर किलोला रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, वाटीभर घट्ट उसळीत ७-८, शंभर ग्रॅम शिजलेल्या मटणात २५ च्या आसपास. तांबडा-पांढरा रस्सा वाटीवर वाटी ओरपून "मटण खाल्लं" म्हणायचं आणि फोडी मुलांना वाढायच्या, यात मांडीच्या वाट्याला काही येत नाही. फोडी खा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. पाणी, फळं, भाज्या वाढवा.

मांडी घालणं, जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं

तीन महिन्यांच्या आत नाही. नंतरही हे सर्जनला नेमकं विचारायचं, कारण सांधा कोणत्या प्रकारचा बसवला आणि तो किती वाकतो यावर उत्तर बदलतं. उकिडवं बसणं आणि देशी संडास बहुतेकांना कायमचे सोडावे लागतात. नमाज किंवा पूजेसाठी गुडघा टेकल्याने सांधा सहसा बिघडत नाही, फक्त बधिर कातडीमुळे विचित्र लागतं. जाड गादीवर, आधाराला खुर्ची ठेवून, आधी काही सेकंदच करून बघा. जमिनीवर बसायला जमत नसलं तरी जमिनीवरून उठता यायला हवं, कारण माणूस कधी ना कधी खाली पडतो. फिजिओथेरपिस्टकडून हे शिकून घ्या : कुशीवर वळायचं, चांगला गुडघा टेकायचा, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवायचे, मग तोच गुडघा उचलून चांगल्या पायाचं पाऊल रोवायचं आणि त्याच पायावर भार घेऊन वर यायचं. पहिल्यांदा करताना घरात दोन माणसं हजर असू द्या, आणि ती खुर्ची प्लास्टिकची नको.